टपाखालचं माझं

बस रत्नदीप, त्या वेताच्या खुर्चीत बस. लाइट लवकर येतील असं वाटत नाही, तोवर हा कंदील पुरे. पावसाचा आवाज आहे, पण तू जरा पुढे सरकलास की बोलणं ऐकू येईल.

तू जुनी जीप घेतलीस, तिला कापडाचं छत आहे, आणि आज सीटखाली पाणी साचलेलं दिसलं म्हणून विचारायला आलास. योग्य घरी आलास. टेंभी नाक्यामागच्या या गल्लीत आमची मॉरिस माझ्या सासऱ्यांच्या वेळेपासून उभी आहे. फिकट हिरवी, चार दारांची, टप म्हणजे कापडाचं छत मागे दुमडता येणारी. मी लग्न होऊन आले आणि थोड्याच दिवसांत आमच्या घरात एक वाटणी झाली. बॉनेटखालचं सगळं ह्यांचं, टपाखालचं सगळं माझं. ह्यांचं म्हणजे तुझ्या हरिहरकाकांचं. इंजिनाला मी कधी हात लावला नाही, आणि टपाला त्यांना लावू दिला नाही.

मी बँकेत नोकरी केली, पण माझा खरा जीव शिवणयंत्रात. टपाचं कापड दोन पदरी असतं, मध्ये रबराचा थर. ते शिवायला जाड सुई लागते, हे सगळेच सांगतील. धाग्याचं कोणी सांगत नाही. वरून सूत गुंडाळलेला धागा घ्यायचा. पाऊस लागला की ते सूत फुगतं आणि सुईने पाडलेलं भोक आपोआप बुजतं. शिवून झाल्यावर प्रत्येक शिवणीवरून मेण फिरवायचं. दारांच्या कडेचं रबर कडक झालं की लगेच बदलायचं. टपाच्या मागच्या पन्हळीत पानं अडकतात, तिथलं भोक सायकलच्या तारेने मोकळं करायचं, नाहीतर पाणी उलटं आत येतं. आणि ओला टप कधी दुमडायचा नाही. ओला टप दुमडला की त्याला बुरशी आलीच म्हणून समज.

हे सगळं झालं की मी स्वतः आत बसते. हे वरून नळी धरतात आणि मी हातात टिपकागद घेऊन एकेक शिवण चाचपते. कागदावर डाग पडला तर मी ती शिवण उसवते आणि पुन्हा घालते. एवढं केल्यावर त्या गाडीत पावसाचं पाणी येईल कसं? मोठ्या पुराच्या वर्षी पाऊस रात्रंदिवस थांबला नव्हता, शेजारच्या गाड्यांच्या सीटा नंतर महिनाभर वाळत होत्या. आमच्या गाडीत चामड्याचा आणि कापराचा वास तसाच.

तू ज्या शिवणीकडे मघाशी बॅटरी मारून बघत होतास ना, मागच्या सीटच्या वरची, ती मात्र माझी नाही. तिचं सांगते.

आमच्या संचिताचं सासर डोंबिवलीला, कोपर स्टेशनजवळ. बाळंतपणाला ती इकडे यायची होती. पण दिवस भरायच्या आधीच तिला कळा आल्या आणि तिथल्याच एका दवाखान्यात मुलगी झाली. एवढीशी. तळहातावर मावेल असं म्हणतात, तशी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. मी रोज तिथे जाऊन काचेला हात लावून उभी राहायची. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता घरी न्या, पण दोन गोष्टी सांभाळा. तिला ऊब द्या आणि ओल लागू देऊ नका. फुप्फुसं अजून कच्ची आहेत.

आमच्या घरातलं प्रत्येक बाळ दवाखान्यातून घरी आलं ते मॉरिसमधून. हे आले, त्यांची बहीण आली, संचिता आली. मी म्हटलं, हीसुद्धा तशीच येईल.

जावई ऋतुराज शांत मुलगा आहे. तो म्हणाला, "आई, श्रावण आहे. माझ्या गाडीतून नेऊ या ना. वर पत्रा तरी आहे."

"पत्र्याची गाडी मला सांगू नकोस," मी म्हटलं. "माझ्या टपाखाली ती जेवढी कोरडी राहील तेवढी तुझ्या घरातसुद्धा राहणार नाही."

संचिता पलंगावरून हसली. म्हणाली, "ऋतू, सोड. तिला हरवता येणार नाही."

लोक मला अजून विचारतात, की असा हट्ट कशाला केलात. मी हट्ट केला, आणि आजही करेन. मला माझं काम माहीत होतं.

सकाळी स्वच्छ ऊन होतं. आम्ही जेवून दुपारी निघालो. हे गाडी चालवत होते. मागच्या सीटवर मी आणि संचिता, आणि आमच्या मध्ये दुपट्यात गुंडाळलेली नात. सामान घेऊन ऋतुराज त्याच्या गाडीतून आमच्या मागे. कोपरचा पूल ओलांडला तेव्हा रस्त्यावरचे लोक थांबून बघत होते. एक म्हातारे गृहस्थ छत्रीला टेकून उभे होते, त्यांनी गाडीला चक्क नमस्कार केला. ह्यांनी हळूच हॉर्न वाजवला. रत्नदीप, मला त्या वेळी जे वाटलं ते मी कुठल्याही बढतीच्या वेळी अनुभवलेलं नाही. माझी मुलगी, माझी नात, माझा टप.

शीळ रस्त्याला लागलो आणि आभाळ उतरलं. भर दुपारी दिवेलागण झाल्यासारखा अंधार. मग पाऊस आला. वरून पडत नव्हता, भिंतीसारखा आडवा येत होता. गाड्या आधी हळू झाल्या, मग थांबल्या. खाडीच्या पुलाच्या अलीकडे सगळं ठप्प. वायपर इकडून तिकडे जात होता आणि त्याच्यापलीकडे काही दिसत नव्हतं. खाडीचा वास मात्र येत होता. चिखलाचा, आणि त्यात खारट, मिठासारखा.

टपावर पाऊस पडताना आत जो आवाज होतो ना, तो मला फार आवडतो. घट्ट ताणलेल्या कापडाचा आवाज. मी टिपकागद काढला आणि सवयीने सगळ्या शिवणी चाचपल्या. कोऱ्या. संचिताला दाखवला. तिने मान हलवली आणि बाळाकडे बघितलं. बाळ झोपलं होतं.

तेवढ्यात माझ्या बाजूच्या काचेवर कोणीतरी टकटक केलं.

बाहेर एक बाई उभी होती. डोक्यावरून पदर, नऊवारी काष्ट्याची, अंगाला चिकटलेली. चेहऱ्यावरून इतकं पाणी वाहत होतं की वय कळेना. मला वाटलं मदत मागतेय. मी काच बोटभर खाली केली. पाऊस आडवा होता, तरी त्या फटीतून आत काही आलं नाही, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

तिने माझ्याकडे बघितलंच नाही. दुपट्याकडे बघत होती.

"आतमदी कोरडा हाय?" तिने विचारलं.

"हो," मी म्हटलं. "थेंबसुद्धा नाही."

"पोर कोरडी हाय?"

"कोरडी आहे. तुम्ही कुठे जाणार? मागच्या गाडीत जागा आहे, तिथे बसा."

तिने हात वर केला आणि टपावरून फिरवला. आतून मला दिसलं... कापडावरून पाच बोटं सरकत गेली, एकेका शिवणीवर थांबत. मी नवीन टप तपासते ना, अगदी तशी. मग बोटं गेली. मी काचेतून बघितलं तर बाहेर नुसता पाऊस.

"कोण होतं गं?" संचिताने विचारलं.

"गावातली असेल," मी म्हटलं.

गाड्या थोड्या हलल्या. आम्ही एका मोठ्या शिरीषाखाली आलो, आणि वरून कडाड असा आवाज झाला. संचिता बाळावर वाकली. फांदी टपावर आदळून पलीकडे रस्त्यात पडली. मी वर बघितलं. संचिताच्या डोक्याच्या बरोबर वर कापड फाटलं होतं. दोन्ही पदर, हातभर. फाटलेल्या कडा मला दिसत होत्या.

मी दोन्ही हात वर केले. त्या भोकातून आता बादलीने ओतल्यासारखं पाणी येणार, हे मला ठाऊक होतं. पदर, शाल, जे मिळेल ते मी वर धरणार होते.

पाणी आलं नाही.

पाऊस तेवढाच होता. पुढच्या काचेवर, बॉनेटवर, बाजूला धो धो कोसळत होता. पण टपाचा आवाज बंद झाला होता. आमच्या डोक्यावर पाऊस पडतच नव्हता. मी फटीकडे बघितलं. तिथे आभाळ दिसायला हवं होतं. तिथे काळोख होता, अगदी जवळचा.

आणि मग कापड खाली यायला लागलं. हळूहळू. आधी दोन खोलगट ठसे, कोपरांसारखे. मग त्यांच्या मागे दोन, गुडघ्यांसारखे. मग मधला भाग. कोणीतरी टपावर पालथं झोपलं होतं.

माझा फोन वाजला. ऋतुराज.

"आई..." त्याचा आवाज इतका बारीक झाला होता की मी आधी ओळखला नाही. "आई, बाबांना गाडी बाजूला घ्यायला सांगा. टपावर... टपावर कोणीतरी आहे."

"बाई आहे का?" मी विचारलं.

"तुम्हाला माहीत आहे?"

ह्यांनी गाडी डावीकडे घेतली. तिथे एक फरशांचं मोठं दुकान होतं. मालक दारातल्या पत्र्याखाली खुर्ची टाकून बसले होते, धिप्पाड, गळ्यात जाड साखळी. नाव काळुराम, ते मागाहून कळलं. ते छत्री घेऊन उठले, आमच्या दिशेने आले आणि मध्येच थांबले. त्यांनी टपाकडे बघितलं. छत्री खाली केली आणि त्या पावसात दोन्ही हात जोडले.

ऋतुराज धावत आला. दार उघडून बाळाला त्याच्या गाडीत न्यावं, असं त्याला वाटत होतं. त्याने दाराला हात घातला तोच काळुरामशेठनी त्याचं मनगट धरलं.

"नका काढू पोरीला बाहेर," ते म्हणाले. "तिनं धरलंय. तिच्या हाताखालून पोर पावसात काढलीत तं ती सोडनार नाय."

मग ते माझ्या काचेशी वाकले. वर बघत नव्हते. माझ्याशीसुद्धा कुजबुजत बोलत होते, शेजारी कोणी झोपलं असावं तसं.

"बाय, घाबरू नका. आमच्या आजीच्या वक्ताची हाय ती. मिठागरावर कामाला व्हती. वादळात झोपडीचा छप्पर उडाला. पोर तान्ही. ही पोरीवर पालथी पडून ऱ्हायली, पाऊस थांबंपर्यंत. लोक आले तवा ही थंड पडली व्हती. पावसात गाड्या बघते. पन आता समद्या गाड्या पत्र्याच्या. तिला कुठं काम पडत नाय."

"आणि तिची मुलगी?" मी विचारलं.

"कोरडी व्हती."

"पण ती..."

"कोरडी व्हती, बाय," ते म्हणाले, आणि बाजूला झाले.

रत्नदीप, मी वर बघितलं. कापड आणखी खाली आलं होतं. संचिता मान वाकवून बसली होती कारण तिला ताठ बसता येईना. ते ठसे फाटलेल्या जागेवरून सरकून आता बाळाच्या बरोबर वर आले होते. आणि बाळ जागं होतं. एवढंसं बाळ, त्याला नजर धरता येत नाही अजून. पण ते त्या फटीकडे एकटक बघत होतं आणि रडत नव्हतं.

"आई," संचिता म्हणाली, "ती श्वास कसा घेतेय बघ..."

दुपट्याच्या आत ती इवलीशी छाती भराभर हलत होती. आतली हवा जड झाली होती. काळुरामशेठ गेल्यावर वर केलेली काच पुन्हा खाली करायला गेले तर ती हलेना. ह्यांची पण हलेना.

"अहो, गाडी काढा," मी म्हटलं. "थांबू नका आता. कळव्याकडे चला."

"कसं जाऊ? पुढे..."

"काढा."

ह्यांनी गाडी काढली. कशी काढली, कुठल्या फटीतून काढली, ते त्यांना आजही सांगता येत नाही. शीळफाटा मागे पडला, डोंगराच्या कडेचा रस्ता लागला. कड्यावरून पांढरे धबधबे रस्त्यावर येत होते. आणि टप खाली येत होता.

मी बाळाला सीटच्या खोलगटात ठेवलं. संचिताला म्हटलं, पाय वर घे आणि दाराला टेक. आणि मी सीटवर गुडघे टेकून, कोपरं टेकून, बाळावर कमान धरली. माझी पाठ आणि तो टप.

आधी कापड लागलं. माझंच कापड, मी हाताने मेण चोळलेलं. मग त्याच्या पलीकडून वजन आलं. आधी खांद्यांवर. तिची कोपरं माझ्या खांद्यांवर, तिचे गुडघे माझ्या कंबरेवर. थंडी अशी की दात एकमेकांवर आपटायला लागले. मिठाचा वास नाकात भरला. तिचं कपाळ माझ्या डोक्याच्या मागे टेकलं होतं, हे मला स्पष्ट कळत होतं. ती श्वास घेत नव्हती. ज्याला श्वास नाही त्याचं वजन वेगळं असतं. ते हलत नाही, वरखाली होत नाही. नुसतं बसत जातं.

तेव्हा मी साठीला टेकले होते. पाठीचं दुखणं जुनं. पण त्या दिवशी मी वाकले नाही. माझ्या नाकाखाली हातभर अंतरावर त्या पोरीचं तोंड होतं आणि तेवढी जागा मी राखली. एक इंचसुद्धा दिला नाही.

संचिता रडत होती आणि बाळाच्या तोंडाशी हाताने वारा घालत होती. बाळाचे ओठ निळसर झाले होते. मला वाटलं, आता नुसत्या ताकदीने होणार नाही. हिच्याशी बोललं पाहिजे. पण बोलायचं काय? सोड म्हणून सांगितलं तर सोडेल अशी ती नव्हती. मीही नसते सोडलं.

मग मला तिची ती बोटं आठवली, शिवणींवर थांबत गेलेली.

मी हळू आवाजात बोलले. ह्यांना ऐकू गेलं नाही, संचिताला गेलं.

म्हटलं, "बाई, तुझी मुलगी कोरडी होती. सगळ्या गावाने बघितलंय. अजून सांगतात. एवढं वादळ, पण तिला थेंब लागला नाही. असं राखणं मला जमलं नसतं."

वजन तसंच राहिलं. पण आणखी वाढलं नाही.

"माझी पण कोरडी आहे," मी म्हटलं. "तू धरलंस म्हणून. टप माझा फाटला, राखलंस तू. हे मी कबूल करते, आणि मी सहसा करत नाही. आता ऊब मी देते. ते काम माझं. टपाखालचं माझं आहे."

गाडी कळव्याच्या पुलावर चढली. खालून खाडीचा वारा आला. माझ्या मानेवर, बरोबर केसांच्या खाली, एक थेंब पडला. त्या गाडीत पडलेला पहिला थेंब. कोमट होता.

आणि पाठ हलकी झाली. एकदम नाही. आधी कपाळ उचललं गेलं, मग कोपरं, मग गुडघे. झोपलेल्या मुलाजवळून आई उठते ना, त्याला जाग येऊ नये म्हणून एकेक अवयव सोडवत, तशी ती उठली.

ह्यांच्या बाजूची काच आपोआप खाली घसरली. बाळाने एक मोठा श्वास घेतला आणि रडायला लागलं. काय खणखणीत रडली ती पोर. संचिता हसत होती, रडत होती. पुलापलीकडे पाऊस थांबलेला. ठाण्याचा रस्ता ओला चकचकीत, आणि कोर्टनाक्याजवळ तर चक्क ऊन.

गल्लीत गाडी उभी केली तेव्हा सगळे शेजारी ओवाळायला खाली आलेले. मी भाकरतुकडा ओवाळून टाकला, संचिताच्या पायांवर दाराशी पाणी घातलं, आणि दोघींना आत नेलं. डॉक्टरीणबाईंनी फोनवर विचारलं, ओल नाही ना लागली? मी म्हटलं, नाही. टॉवेलने पुसायचीसुद्धा गरज पडली नाही.

ऋतुराज मात्र बराच वेळ गाडीशीच उभा होता. मी गेले तर त्याने नुसतं बोट दाखवलं. सगळा टप भिजून काळा झाला होता. मधोमध एक जागा कोरडी, फिकट. हात पसरलेली, डोकं एका बाजूला वळवलेली. वाळायला लागलेल्या कापडात ती आमच्या डोळ्यांदेखत विरून गेली.

गाडी गॅरेजमध्ये घातली, कुलूप लावलं. किल्ली माझ्या कंबरेला असते, ते तुला माहीत आहे. फाटलेलं दुसऱ्या दिवशी शिवू म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवायला काही उरलंच नव्हतं. फाटलेली जागा शिवलेली होती. टाका बाहेरून घातलेला, बारीक, एकसारखा, आणि दोन्ही पदर असे जुळवलेले की बोट फिरवलं तरी जोड लागेना. माझा टाका चांगला आहे, रत्नदीप. हा त्याहून चांगला होता. मी भिंग आणून धागा बघितला. तो धागा नव्हता. केस होते. लांब, काळे, मध्येच एखादा पांढरा.

हे म्हणाले, सगळा टप बदलू. मी नाही म्हटलं. मी आत बसले, ह्यांना वरून नळी धरायला लावली. टिपकागद कोरा. ज्या शिवणीतून पाणी येत नाही ती मी उसवत नाही, मग ती कोणाचीही असो. गेल्या वर्षी जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात आम्हाला आतल्या सजावटीचं पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षकांनी नेमकी तीच शिवण दाखवून विचारलं, ही कोणी घातली? मी म्हटलं, माझ्या ओळखीच्या एका बाईने. त्या बाईचं नाव मला माहीत नाही, याचं मला वाईट वाटतं. नाव माहीत असतं तर मी तिथे सांगितलं असतं.

आमची ती नात, अंतरा, आता दुडुदुडु चालते. इकडे राहायला आली आणि पाऊस आला की तिला गाडीत बसायचं असतं. मागच्या सीटवर, त्याच जागी. मी दार उघडून बसवते, मी बाहेर स्टुलावर बसून भाजी निवडते. ती वर बघून काहीबाही बोलत असते, मुलं बोलतात तशी.

एवढंच, की ते केस वाढतात. शिवणीची टोकं लोंबायला लागली की मी कात्रीने कापते, पावसाची पुढची सर येईपर्यंत पुन्हा वाढलेली असतात. वाढायची ती नेहमी बाहेरच्या बाजूला. या खेपेला आतल्या बाजूला आली आहेत. काल अंतराला उतरवून घेताना बघितलं, तर तिच्या डोक्यापर्यंत पोचली होती, आणि टपातून आलेले केस आणि तिचे जावळाचे केस मिळून एक बारीक, घट्ट वेणी घातलेली होती.

अंतराला अजून वेणी घालता येत नाही. सोडवायला मला बराच वेळ लागला.